डच भाषेतला ‘ओम’ म्हणजे नेहमीच ‘साठी’ नव्हे

डच शिकताना एक नियम हमखास कानावर येतो: क्रियापदाआधी येणारं ‘ओम ते’ (‘करण्यासाठी’ या अर्थाचं) फक्त हेतू सांगायला वापरायचं, एरवी ‘ओम’ गाळलेला बरा. हा नियम अर्धवट आहे आणि ‘हे झेपण्यापलीकडचं आहे’ असं सांगताना तो शिकणाऱ्याला हमखास अडचणीत आणतो.

‘इक बेन ते मू ओम ते लेझन’ म्हणजे मी इतका थकलोय की वाचवत नाही. इथे हेतू कुठेच नाही, तरीही ‘ओम’ हवाच. ‘है प्रोबेर्त ते स्लापन’ (तो झोपायचा प्रयत्न करतो) या वाक्यात ‘ओम’ घातला काय, गाळला काय, दोन्ही चालतं. विशेषणाआधी ‘प्रमाणाबाहेर’ या अर्थाचा ‘ते’ आला, की मात्र ही सवलत संपते. पुढचा ‘ते’ वेगळा, तो क्रियापदाचा. जोडक्रियापद, म्हणजे ‘ओपनूमन’सारखं दोन भागांचं क्रियापद, असेल तर तो मध्ये शिरतो: ‘ते वेल ओम ओप ते नूमन’, म्हणजे सांगता सांगता संपणार नाही इतकं.

मराठी माणसाला खरा धोका नकाराचा. ‘वाचवत नाही’, ‘उचलवत नाही’ असं आपण म्हणतो, म्हणून डचमध्येही ‘नीत’ (नाही) घालावासा वाटतो. तो घालू नका. नकार पहिल्या ‘ते’मध्येच सामावलेला असतो. ‘ते मू ओम नीत ते स्लापन’ म्हटलंत, तर अर्थ होतो: इतका थकलोय की झोपल्याशिवाय राहवत नाही!