हिवाळी डिझेल आणि हिवाळ्यातलं डिझेल

जानेवारीत गाडीचं ॲव्हरेज पडलं की नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत एकच आरोपी सापडतो. "पंपावर हिवाळी डिझेल चालू झालं ना भाऊ!" ऑक्टोबरात लिटरला 4 किलोमीटर देणारी गाडी 3.8 वर येते हे खरं, डायरी मीच लिहितो. पण एकाच नावाखाली दोन निराळी डिझेलं गोवली जातात, आणि आपल्या टाकीत त्यातलं एकच असतं.

ते म्हणजे हिवाळ्यातलं डिझेल. डिझेलचं भारतीय मानक आयएस 1460 नोव्हेंबर ते फेब्रुवारीला हिवाळा धरतं. या चार महिन्यांत डिझेल 3 अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे. एरवी 15 अंशांपर्यंत राहिलं तरी चालतं. फिल्टरमधून पार होण्याची मर्यादा हिवाळ्यात 6 अंश, एरवी 18. भानगड मेणाची असते. थंडीत डिझेलमधलं मेण कण धरतं, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग फिल्टर चोक. पंपावर बोर्ड तोच, त्यामुळे हा बदल कुणाला कळतही नाही. ॲव्हरेजच्या डायरीत तर तो दिसतच नाही. नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 ला 3.5 वर उतरला होता, पण तशी पहाट आपल्याकडे अपवादच.

खरं हिवाळी डिझेल वेगळं. इंडियन ऑइलने ते नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी आणलं. उणे 33 अंशांतही ते वाहतं. पानिपतच्या रिफायनरीत बनतं. असं डिझेल बनवताना मेणाचा जड भाग कमी ठेवावा लागतो, हलका भाग वाढतो, आणि हलक्या डिझेलच्या एका लिटरात ऊर्जा थोडी कमी भरते. थंड देशांत अशा डिझेलवर ॲव्हरेज साधारण दोन-तीन टक्के घटतं असं धरतात. म्हणजे 4 चं 3.9. ते नागपुरात मिळत नाही, तेव्हा त्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

मग 3.8 कशाने? थंडीने, पण टाकीबाहेरच्या. पहाटे पाचला आमच्या यार्डात जा. चार गाड्या धुरकत उभ्या, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, क्लीनर इंजिनाजवळ हात शेकतोय. रिकामं इंजिन तासाला दीड-दोन लिटर पितं. रोज अर्धा तास असं गेलं की लिटरभर डिझेल एकही किलोमीटर न चालता संपतं, आणि दिवसाला 75 लिटर जाळणाऱ्या गाडीचा हा सव्वा टक्का झाला.

दुसरी गळती टायरची. ऑक्टोबरात 110 पीएसआय भरलेली हवा पारा 10 अंशांनी उतरला की आपोआप चारेक पीएसआय कमी होते. टायर पंक्चर नाही, दिसायलाही ठीक, फक्त रस्त्याला जरा जास्त चिकटतो. आणि 12 अंशांची हवा 32 अंशांच्या हवेपेक्षा सात टक्के दाट. उंच ताडपत्री बांधलेल्या गाडीला ती दाट हवा कापत जावं लागतं. त्यात गिअर ऑइलही थंड, पहिले वीस-पंचवीस किलोमीटर घट्ट.

गंमत म्हणजे थंड डिझेल आकसतं, म्हणून त्याच्या एका लिटरात माल किंचित जास्तच बसतो. म्हणजे या हिशेबात बिचारं डिझेल आपल्याच बाजूने असतं.

डिझेलची काळजी करायचीच तर वर, लडाखसारख्या थंड डोंगरात जाणाऱ्या फेरीत करा. खाली मैदानात टाकी फुल करून घाट चढलेली गाडी रात्री वर उभी राहिली की सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. मग टाकीखाली जाळ करणारेही असतात, आणि रॉकेल मिसळणारेही. पहिल्यात गाडी पेटते, दुसऱ्यात बीएस-6 (नव्या प्रदूषण मानकाच्या) इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर खलास होतात. वर पोहोचेपर्यंत टाकी अर्ध्याखाली आणायची आणि उरलेली तिथल्याच पंपावर हिवाळी डिझेलने भरायची. तिथे ॲव्हरेज 3.9 लागलं तर मात्र ड्रायव्हरवर ओरडू नका.