गाण्याचा क्लास, मल्लखांब, ड्रॉइंगची परीक्षा: हे सगळं सुरू कसं झालं

जून लागला की आमच्या सोसायटीच्या पालकांच्या ग्रुपवर क्लासेसच्या जाहिराती यायला लागतात, अबॅकस, रोबोटिक्स, कीबोर्ड, स्केटिंग, चेस, आणि यंदा एका आईने विचारलं की मल्लखांब लावला तर त्याच्या परीक्षा असतात का, सर्टिफिकेट मिळतं का. प्रश्नात चूक काहीच नाही, मुलीला गाण्याला घातलं तेव्हा मी पण पहिलं हेच विचारलं होतं. पण तेव्हापासून मनात घोळतंय की शाळा सुटल्यावर पोरांना काहीतरी शिकायला पाठवायचं हे आपल्याकडे सुरू कसं झालं आणि त्यात परीक्षा कुठून आली.

सगळ्यात जुनी म्हणजे तालीम. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला परत जीव दिला असं मानतात, मुळात तो पैलवानांचा सरावाचा खांब. पण गावातल्या, गल्लीतल्या साध्या घरातल्या पोरांसाठी व्यायामशाळा उभ्या राहिल्या त्या जास्त करून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, वैद्य बंधूंनी काढलेलं, आणि याच मंडळाच्या पथकाने 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्येच बसवायला घेतले. दादरला शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं. या सगळ्यामागे एकच तळमळ होती, पारतंत्र्यातली पोरं अंगाने आणि मनाने धट्टीकट्टी व्हावीत, म्हणून फी नावापुरती आणि शिकवणारे बहुतेक आपली नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर येणारे.

गाण्याची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. आज कुठल्याही कॉलनीत चौथीतली मुलगी पेटीवर भूपाची सरगम म्हणताना ऐकू येते, पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे शक्यच नव्हतं, गाणं म्हणजे गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षं सेवा करून मिळवायची विद्या, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना समाजात मान नाही, मुलींचं तर नावच काढायचं नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी हे बदलायला घेतलं. जन्म 1872, कुरुंदवाडचा, लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचं शिक्षण सुटलं, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, कुठल्या राजाच्या आश्रयावर नाही तर जलशांच्या कमाईवर आणि लोकांच्या देणग्यांवर, आणि तिथे ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, स्वरलिपी, वर्ग, परीक्षा अशी सगळी शाळेसारखी रचना बसवली. 1908 ला मुंबईत शाळा आली, पुढे कर्जापायी इथली इमारत सुद्धा गेली. 1931 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या ज्या परीक्षा आपली मुलं देतात त्या याच मंडळाच्या. म्हणजे गाण्यात परीक्षा आली ती कोणाला मागे टाकायला नाही, तर ज्या घरात सात पिढ्यांत कोणी गायलं नाही अशा घरातल्या मुलालाही गाणं पायरी पायरीने शिकता यावं आणि त्या शिक्षणाला लोकांनी शिक्षण म्हणावं म्हणून. हे समजलं तेव्हापासून मुलीच्या प्रारंभिकच्या फॉर्मकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा पण खूप जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या, 1857 ला सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आसपास कलाशिक्षणाची जी सरकारी घडी बसत गेली त्यातल्या. म्हणून तर स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे ठरलेले पेपर, आजोबांनी दिले तसेच थोड्याफार फरकाने नातवाने दिले.

पण परीक्षा नसलेल्या गोष्टी पण आपल्याकडे भरपूर झाल्या आणि त्यांची आठवण कोणी काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा 1941 पासून, तिथे कवायत, खेळ, समूहगीतं, सगळ्या जातींची पोरं एकत्र आणि मुली पण. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर सुरू करून मुलांसाठी नाटकं आणली, मग रत्नाकर मतकरींनी बालनाट्य चालवलं, आणि मे महिन्यातली नाट्यशिबिरं, छंदवर्ग हे पुढे शहरात घरोघरी माहीत झाले. आमच्या लहानपणी वाचनालयाच्या हॉलमध्ये दहा दिवस कागदकाम, मातीकाम, गोष्टी, शेवटच्या दिवशी भेळ. तिथे कोणी पहिलं आलं नाही आणि तरी तो मे महिना मला अजून आठवतो.

बदल झाला तो दहावीच्या मार्कांमुळे. अकरावीच्या ॲडमिशनला पॉइंटच्या फरकाने कॉलेज हुकायला लागलं आणि खेळ, चित्रकला, मग शास्त्रीय गायन-नृत्य, लोककला यांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जायला लागले. हेतू चांगला होता, कलेला आणि खेळाला मान मिळावा म्हणूनच. पण घराघरात हिशोब उलटा झाला, मुलाला काय आवडतं याच्या आधी मार्क कशाचे मिळतात हे बघितलं जातं, आठवी-नववीपर्यंत सर्टिफिकेट हातात आलं की पेटी कपाटावर आणि रंग खणात. आमच्याच नात्यात एका मुलाचा तबला असा सुटला, हात इतका गोड होता त्याचा.

ग्रुपवर त्या ताईंना मी एवढंच लिहिलं की परीक्षेचं मला माहीत नाही, स्पर्धा मात्र असतात, 2019 ला तर शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली. पण आधी दोन-चार दिवस संध्याकाळी लेकीला घेऊन मैदानावर जाऊन बसा, बाकीच्या मुली दोरीच्या मल्लखांबावर चढताना तिला बघू दे, सरांना विचारून एकदा लटकू दे, हात दुखतील तिचे, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून बूट घालते का ते बघा.