रुबल पडतो, तरी लढाईला पैसा पुरतो कसा?

सावद्याला केळीच्या गाड्या भरताना डिझेलच्या भावावर गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "रशियाचं तेल घेणं बंद केलं ना भो, आठ दिवसांत युक्रेनमधली लढाई थांबते." शनी-मंगळाची युती बघून तेलाचा भाव सांगणारे व्हॉट्सअ‍ॅपवाले तर वेगळेच. ग्रहांपेक्षा रशियाच्या कराचं सूत्र कितीतरी मजेशीर आहे.

मूळ गैरसमज असा, की तेलाचे डॉलर आले आणि त्यातून रणगाडे झाले. प्रत्यक्षात सैनिकाचा पगार, निझनी तागिलच्या रणगाडा कारखान्यातली मजुरी, पोलाद, रेल्वेभाडं, सगळं रुबलमध्ये, म्हणजे रशियाच्या स्वतःच्या चलनात भागतं. डॉलर किंवा युआन लागतो तो बाहेरून आणायच्या चिप आणि यंत्रांसाठी. तेल कंपन्या सरकारला करही रुबलमध्येच भरतात, पण तो मोजताना भाव डॉलरमधला धरतात.

तेलावर एवढा कर बसतो कसा? तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड रानातल्या कापसाला बाजारात भाव एकच. काळ्या जमिनीवाल्याचा खर्च कमी, म्हणून त्याच्या हातात जास्त उरतं. सायबेरियातल्या जुन्या विहिरींचं तसंच. फक्त ही वरकमाई सरकार काढून घेतं.

खनिज उत्खनन कराचा गाभा असा: बॅरलच्या डॉलरमधल्या भावातून १५ वजा करायचे आणि उरलेल्याला डॉलरच्या रुबलमधल्या दराने गुणायचं. (पुढे ९१९ ने गुणून २६१ ने भागतात, वर सवलती आणि दुरुस्त्या आहेतच, पण खरा खेळ या गुणाकाराचा.) समजा भाव ७५ डॉलर, दर ६० रुबल: ६० गुणिले ६० म्हणजे ३६००. आता भाव ६० वर घसरला, पण डॉलर ९० रुबलला गेला: ४५ गुणिले ९० म्हणजे ४०५०. तेल स्वस्त झालं आणि तिजोरीत रुबल वाढले! शिवाय तेलाचे डॉलर कमी आले की रुबल आपोआप पडायला लागतो, म्हणजे धक्का झेलण्याची सोय सूत्रातच आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने रशियाच्या तेलाच्या भावावर बॅरलमागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली. तेल वाहतं राहावं, पण रशियाची कमाई घटावी, हा हेतू. कागदोपत्री भाव कमी दाखवून कर चुकवता येऊ नये म्हणून २०२३ मध्ये मॉस्कोने ब्रेंटच्या, म्हणजे जगात प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलाच्या, भावातून ठरावीक सूट वजा करून कर मोजायला सुरुवात केली. तरी तेल-वायूचा महसूल २०२२ च्या ११.६ लाख कोटी रुबलवरून २०२३ मध्ये ८.८ लाख कोटींवर आला. रुबल पडला नसता तर खड्डा आणखी खोल गेला असता.

पण पडलेल्या रुबलमुळे आयात महागते. त्यात लढाईचा पैसा बाजारात खेळतो, महागाई भडकते. ती आवरायला मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. चढ्या व्याजाने २०२५ मध्ये रुबल वधारला आणि नेमकं तेव्हाच तेल उतरलं. ५५ डॉलर आणि ८० रुबल धरा: ४० गुणिले ८०, फक्त ३२००. ही तूट भरायला जानेवारी २०२६ पासून मूल्यवर्धित कर (व्हॅट) २० वरून २२ टक्के झाला; तो रशियातला प्रत्येक गिऱ्हाईक दुकानात भरतो.