गाडी अधूनमधून सुरू होत नाही, म्हणजे बॅटरीच गेली का?

जुनी गाडी सकाळी एका किल्लीत सुरू झाली आणि दुपारी नुसतीच ‘टक्’ करून थांबली, की ‘बॅटरी बदला’ हा सल्ला पुण्यात कोणत्याही पार्किंगमध्ये मिळतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी अनेकांचे पैसे वाया जातात, याचे मला वाईट वाटते.

संपत आलेली बॅटरी सहसा क्रमाक्रमाने खालावते आणि थंडीतल्या सकाळी आधी दगा देते. याउलट, कात्रजचा घाट चढून पाच मिनिटे थांबल्यावर अडणारी आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होणारी गाडी बहुधा तापलेल्या स्टार्टरकडे (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरकडे) किंवा त्याच्या सोलेनॉइडकडे (त्या मोटरला वीज जोडणाऱ्या विद्युत स्विचकडे) बोट दाखवते.

त्यामुळे आधी मोजमाप करावे. गाडी काही तास बंद राहिल्यावर बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसावेत आणि स्टार्टर फिरताना ते साधारण 9.6 च्या खाली जाऊ नयेत. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, मल्टिमीटरचे (व्होल्ट मोजणाऱ्या उपकरणाचे) एक टोक बॅटरीच्या ऋण (−) खुंटावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरावे व दुसऱ्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर दोष ऋण खुंट इंजिनला जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत किंवा तिच्या जोडांत आहे. वरून चकचकीत दिसणारा क्लॅम्प (खुंटावर वायर आवळून धरणारी पकड) सोडवला, की आत अनेकदा पांढरट-हिरवट भुकटी सापडते, विशेषतः पावसाळ्यानंतर. अशा वेळी पॉलिश पेपरने खुंट घासणे, एवढाच खर्च पुरतो.