अवयवदान, नेत्रदान, देहदान: गावाकडे फॉर्म कुठला, सही कोणाची, वेळ किती

मागच्या गणपतीत आरती झाल्यावर आमच्या काकांनी खिशातून अवयवदानाचं डोनर कार्ड काढून सगळ्यांना दाखवलं, मस्त लॅमिनेट करून आणलेलं, आणि काकी तिथेच उखडली, "ह्यां कधी केलात? माका काय म्हायत नाय!" आता गंमत अशी की कार्ड काकांचं असलं तरी वेळ आली की सही काकीचीच लागणार. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

आधी नोंदणी. वय १८ पूर्ण असलेला कोणीही करू शकतो. दिल्लीला नोट्टो म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या वेबसाइटवर २०२३ पासून आधारवर प्रतिज्ञा नोंदवता येते. आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, रक्तगट, काय काय दान करायचंय ते, आणि इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा ते भरायचं की कार्ड डाउनलोड होतं. आधारला जुना बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणारच नाही, तेव्हा आधी ते आधार केंद्रावर जाऊन बदला. कागदावर करायचं असेल तर नमुना ७ नावाचा सरकारी फॉर्म, त्यावर दोन साक्षीदार, त्यातला एक जवळचा नातेवाईक. मन बदललं तर प्रतिज्ञा मागे घेता येते, कोणी जाब विचारत नाही. चौकशीला नोट्टोची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८०० ११ ४७७०.

पण ही प्रतिज्ञा म्हणजे फक्त इच्छा. प्रत्यक्षात माणूस गेल्यावर नमुना ८ वर घरचे सही करतात तेव्हाच पुढचं चक्र फिरतं, आणि घरचे नाही म्हणाले तर डॉक्टर कार्ड बघून जबरदस्ती करत नाहीत. उलट कार्ड नसलं तरी घरचे संमती देऊ शकतात. मूल १८ च्या आतलं असेल तर आईवडिलांची संमती, त्याला नमुना ९.

आता लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा. हृदय, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं हे घरी वारलेल्या माणसाचं देता येत नाही. त्यासाठी माणूस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर आणि ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद पडलेला) असावा लागतो, म्हणजे डोक्याला जबर मार किंवा मेंदूत रक्तस्राव असल्या केसेस. चार डॉक्टरांचं पॅनल तपासतं, तेही दोनदा, मध्ये कमीत कमी ६ तास सोडून, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला डॉक्टर त्या पॅनलवर चालत नाही. "अवयवासाठी माणसाला मारतील" असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. हायवेवरच्या अपघाताची केस असली तरी दान होऊ शकतं, फक्त पोलिसांची परवानगी आणि पोस्टमॉर्टेम याची सांगड हॉस्पिटल घालतं, त्यासाठी तुम्ही स्टेशनच्या फेऱ्या मारायच्या नाहीत. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकायचा नाही असा नियम आहे. आणि कोणी पैशाची भाषा केली तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली तो गुन्हा आहे, २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड २० लाखांपासून १ कोटीपर्यंत.

आपल्या वाडीतला म्हातारा माणूस मात्र बहुतेक घरीच जातो, तेव्हा खरं हाताशी असतं ते नेत्रदान. वयाची अट नाही, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, शुगर, बीपी काही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, रेबीज, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन असेल तर नाही. पण वेळ ६ तासच, आणि इथेच कोकणात घोडं अडतं. आपल्याकडे पहिला फोन चाकरमान्यांना, मग "मुंबयसून झील येऊंदे" म्हणून सगळे थांबतात, तो रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस पकडून सकाळी कणकवलीला उतरेपर्यंत डोळ्यांची वेळ निघून गेलेली असते. अंत्यविधीला थांबा ना, पण डोळ्यांसाठी थांबायची गरज नाही, घरात हजर असलेला जवळचा नातेवाईक सही करू शकतो. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. टीम आली की १५-२० मिनिटांत काम होतं आणि चेहरा विद्रूप दिसत नाही. तयार ठेवायचं ते मृत्यू झाल्याचं डॉक्टरने लिहून दिलेलं, मयताचं आणि सही करणाऱ्याचं आधार, आणि दोन साक्षीदार. रात्री दोन वाजता डॉक्टर शोधणं हेच खरं संकट आहे हो, म्हणून घरात कोणी आजारी असेल तर आधीच जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारून ठेवा की टीम तुमच्या गावापर्यंत येते का आणि रात्री नंबर कोणता लावायचा. त्वचादानही ६ तासांतच, पण त्वचापेढी मुंबईत सायनला, नवी मुंबईत ऐरोलीला, तेव्हा ते पनवेल-उरणवाल्यांना जमण्यासारखं, आम्हा देवगडवाल्यांना कठीण.

देहदान हे वेगळंच प्रकरण. तो अर्ज नोट्टोकडे नाही, थेट मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात करायचा, म्हणजे डेरवण, पडवे, नाहीतर सिंधुदुर्ग, रत्नागिरी, अलिबागची सरकारी कॉलेजं. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, म्हणजे अपघातात अवयवदान जमतं पण देहदान नाही. डोळे दिले असतील तर देह घेतात. गाडी कोण आणणार हे अर्ज देतानाच विचारा, ऐनवेळी तिथेच वाद होतात.

काकीचं म्हणाल तर तिने दुसऱ्या दिवशी स्वतःचाही नमुना ७ भरला, साक्षीदार काका आणि मी, आणि मुंबईच्या दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं, "तुमची वाट बघूची नाय, डॉक्टरांका आधी फोन करूचो." मुलं गप्प बसली, मग धाकट्याने मोबाईलमध्ये हेल्पलाइनचा नंबर सेव्ह केला.