खुर्ची, कविता आणि वेल्स: आयस्टेदवॉड इथवर आला कसा

वेल्समधे गावोगावी कवितेच्या स्पर्धा होतात आणि त्यात बालवाडीतल्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे उतरतात, या प्रकाराला ते आयस्टेदवॉड म्हणतात (रोमन स्पेलिंग वाचून आपण आयस्टेडफॉड म्हणू, तिथे कोणाला कळणार नाही). शब्द आलाय बसणे या क्रियापदावरनं. बसायला खुर्ची मिळणं हेच बक्षीस, अजूनही.

पहिला माहितीतला आयस्टेदवॉड ११७६ चा. लॉर्ड रिस नावाच्या राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात नाताळात भरवला, वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधे दवंडी पिटवून. एक खुर्ची कवीला, एक वादकाला. पण याला लोकांचा उत्सव समजू नका, हा दरबारी मामला होता. पुढे १५२३ आणि १५६७ मधे केरविस गावी जे झाले ते तर चक्क लायसन्सची परीक्षा, खरा भाट कोण आणि कविता म्हणतो सांगून घरोघरी जेवत फिरणारा कोण हे ठरवायला. १५६७ ला तर एलिझाबेथ राणीच्या हुकुमाने.

मग सरदार लोक इंग्रजाळले, भाटांना आश्रय देणारं कोणी उरलं नाही आणि अठराव्या शतकात ही थोर परंपरा दारूच्या गुत्त्यात येऊन बसली. पंचांगासारखी वार्षिक पुस्तकं निघायची त्यात जाहिरात द्यायची, अमुक दिवशी अमुक गुत्त्यावर जमा, मग चारसहा कवी बियर पीत एकमेकांवर शीघ्रकविता करणार. मला हा काळ सगळ्यात आवडतो खरं तर, पण यातनं काही वाढलं नसतं. गोष्ट फिरली १७८९ मधे. त्या वर्षी कॉर्वेनला पहिल्यांदा सामान्य लोकांना ऐकायला आत घेतलं, आणि लंडनमधल्या वेल्श लोकांच्या एका मंडळाने लक्ष घालून विषय आधीच जाहीर करायची पद्धत आणली, म्हणजे गुत्त्यात तोंडाला येईल ते म्हणण्याऐवजी घरी बसून नीट लिहून पाठवा.

इथे एका अवलियाची एंट्री. इयोलो मॉर्गानुग, धंद्याने पाथरवट, अफूच्या अर्काचं व्यसन, आणि जुन्या हस्तलिखितांच्या नावाखाली स्वतःचं लिखाण खपवण्यात पटाईत. त्याने १७९२ मधे लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडांचं वर्तुळ मांडून 'प्राचीन ड्रुइडांची' (ड्रुइड म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातले तिथले पुरोहित) कविसभा भरवली, जी अर्थातच त्याच्याच डोक्यातनं निघालेली होती, आणि १८१९ मधे कारमार्थनच्या एका हॉटेलच्या बागेत हाच सोहळा आयस्टेदवॉडला जोडून टाकला. आज जे झगे, तलवार, मुख्य ड्रुइड दिसतात ते सगळं या बनावातनं आलेलं. लोकांना ते बनावट आहे हे माहितीये आणि तरी ते जिव्हाळ्याने करतात.

१८४७ मधे सरकारी शिक्षण अहवाल आला, तीन इंग्रज कमिशनर, वेल्श भाषा एकालाही येत नाही, आणि निष्कर्ष काय तर या लोकांच्या मागासपणाला त्यांची भाषा जबाबदार. लोक भयंकर दुखावले. १८६१ ला अ‍ॅबरडेअरला पहिला राष्ट्रीय आयस्टेदवॉड झाला पण गंमत बघा, आपण सभ्य आहोत हे दाखवायच्या नादात त्या काळात मंचावर इंग्रजीच बोकाळली. सगळा कार्यक्रम वेल्शमधेच हा नियम यायला १९५० उजाडलं.

माझ्या मते स्पर्धा टिकली ती टोपणनावामुळे. कविता टोपणनावाने पाठवायची, खरं नाव बंद पाकिटात. निकालाच्या दिवशी टोपणनाव पुकारतात आणि हजारोंच्या गर्दीतनं कोणीतरी उठून उभं राहतं. शिक्षक असेल, शेतकरी असेल. १९१७ ला बर्कनहेडला नाव पुकारलं तर कोणीच उठलं नाही. विजेता हेद विन, मेंढपाळ, पाच आठवड्यांपूर्वी पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं. ती खुर्ची आजही त्याच्या घरी आहे.

(खुर्ची मिळते ती जुन्या छंदातल्या कवितेला, ज्यात व्यंजनांची जुळणी इतकी कडक की मोरोपंतांच्या आर्या पाठ असलेल्यालाच मजा कळावी. मुक्त रचनेला मुकुट. बायकांना उशीरच झाला, मुकुट १९५३ ला, खुर्ची थेट २००१ ला मेरेरिड हॉपवुडना.)

पोरांसाठी इर्द (Urdd) नावाच्या संघटनेने १९२९ पासून वेगळा आयस्टेदवॉड चालू केला, आधी स्थानिक फेऱ्या मग मोठा मंच, वयोमर्यादा पंचवीस. पण खरा पाया म्हणाल तर गावातले छोटे आयस्टेदवॉड, चॅपलमधे (म्हणजे छोट्या चर्चमधे) नाहीतर गावच्या हॉलमधे होणारे. सकाळी चिल्लीपिल्ली कविता म्हणून दाखवतात, संध्याकाळपासून मोठ्यांचं चालू होतं ते रात्री उशिरापर्यंत, त्यात अर्धवट लिमरिक (पाच ओळींची विनोदी कविता) पूर्ण करा असल्या टवाळ स्पर्धाही असतात. खुर्ची इथेही असते, कधीकधी तळहातावर मावेल एवढी. आणि पोरांना बक्षिसाची नाणी अजून कापडी बटव्यात घालून देतात, रिबिनीने गळ्यात अडकवून.