कॅराव्हॅनमधील जनरेटरची देखभाल (कोल्हापूर)

राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीला कॅराव्हॅन किंवा मोटरहोम म्हणतात. मुक्कामाच्या जागी वीज असेलच असे नाही, म्हणून अशा गाडीत पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा छोटा जनरेटर बसवतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कोल्हापूर परिसरात अशी गाडी घेऊन फिरणाऱ्याचे मुक्काम बहुधा पन्हाळा, जोतिबा, राधानगरी किंवा गगनबावड्याकडे पडतात. ओल, चढण आणि धूळ या तिन्ही गोष्टी तिथे जनरेटरची परीक्षा घेतात.

चालून चालून झिजलेल्या जनरेटरपेक्षा उभा राहून बिघडलेलेच जास्त पाहायला मिळतात. पावसाळ्याचे चार महिने गाडी शेडमध्ये उभी राहते आणि टाकीतले पेट्रोल शिळे होते. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, बसतो आणि दसऱ्याला इंजिन चोक ओढल्याशिवाय चालत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ज्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात तिथल्या लोकांना हे निराळे सांगायला नको. उपाय साधा आहे. महिनाभराहून जास्त काळ वापर नसेल तर इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. एरवी महिन्यातून एकदा दोनेक तास, क्षमतेच्या निम्म्या लोडवर जनरेटर चालवावा. नुसता रिकामा फिरवून उपयोग नाही. डिझेल इंजिन लोडशिवाय फार वेळ चालले की पुरते तापत नाही. न जळलेले इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते. शिवाय जनरेटरच्या वाइंडिंगमधली (तारेच्या गुंडाळीतली) ओल घालवायलाही इंजिनाची ऊब लागते.

ऑईलच्या बाबतीत कंजुषी करू नये. नव्या इंजिनाचे पहिले ऑईल साधारण २० ते २५ तासांनी बदलतात, कारण सुरुवातीच्या घासणीतला धातूचा कीस त्यात उतरतो. पुढे बहुतेक छोट्या इंजिनांना १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, ऑईल बदलावे लागते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. ऑईलची पातळी गाडी सपाट जागी उभी करूनच पाहावी. घाटातल्या उतारावर काढलेली डिपस्टिक फसवते.

एअर फिल्टरचे वेळापत्रक मात्र जागेवर ठरते. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलालाची बारीक पूड हवेत असते. तिथे जनरेटर चालवला असेल तर घरी परतताच फिल्टर उघडावा. कागदी फिल्टर धुवू नये, बदलावा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पुस्तिकेप्रमाणे ऑईलचा हात देऊन बसवावा. डिझेल इंजिनात इंधनाचा फिल्टर बदलताना नळीत हवा शिरते. शेतात ऑईल इंजिनावर पाणी काढलेल्या पिढीला ‘इंजिनानं हवा धरली’ म्हटले की पुढचे कळते: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचे आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळायचा.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. पन्हाळा त्याहून साधारण ४०० मीटर उंच. उंचीवर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद सुमारे साडेतीन टक्के घटते. म्हणजे पन्हाळ्यावर जवळजवळ दहावा हिस्सा कमी धरावा. एसी सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून तो आणि गीझर एकदम लावू नयेत.

एक धोका मात्र देखभालीच्या पलीकडचा आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. गगनबावड्याच्या पावसात जनरेटरवर ताडपत्री गुंडाळून, काचा लावून झोपणे हा जीवघेणा प्रकार आहे. सायलेन्सरचे जोड दर प्रवासाआधी तपासावेत, गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा आणि झोपताना जनरेटर बंदच करावा. गाडी रबरी टायरवर उभी असते, जमिनीशी तिचा विजेचा संबंध नसतो, म्हणून करंटची गळती होताच वीज तोडणाऱ्या आरसीसीबी या स्विचचे टेस्ट बटणही महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

दुरुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. फाउंड्री आणि इंजिनकामाची इथली परंपरा जुनी आहे. उद्यमनगरात लेथ आणि बोरिंगची कामे होतात. खंडेनवमीला इथले कारागीर यंत्रे पुसून त्यांची पूजा करतात, तेव्हा पाऊसही सरत आलेला असतो. कॅराव्हॅनच्या जनरेटरची वर्षाची मोठी सर्व्हिस त्याच सुमारास उरकावी: ऑईल, फिल्टर आणि प्लग बदलावा, बॅटरीची टोके घासावीत, मेगर या मीटरने वाइंडिंगचे इन्सुलेशन मोजावे आणि तासमापकाचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा.